ईमेलचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आधी यादी बघा

(दादर येथे तरुण व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मला दिलेला विषय अगदी नेमका आहे: छोट्या धंद्यासाठी ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं. हे ऐकून काहींना वाटलं असेल, आता ईमेल वाचतो कोण? आणि काहींनी मोबाइलवर ‘सर्वोत्तम दहा सॉफ्टवेअर’ अशी एखादी यादी उघडलीही असेल. ती जरूर वाचा, पण ती बहुतेक वेळा अमेरिकेतल्या दुकानदारासाठी लिहिलेली असते. त्याचं कार्ड डॉलरमध्ये चालतं, त्याचं गिऱ्हाईक इंग्रजी वाचतं आणि वाणसामानाच्या दुकानातूनही त्याला मेल येण्याची सवय असते. आपलं तसं नाही. गेली काही वर्षं मी गिरगाव ते परळ या पट्ट्यातल्या लहान दुकानदारांची बिलिंगची, वेबसाइटची आणि मेलची कामं करते. त्या अनुभवातून बोलते आहे.

पहिला प्रश्न, तुम्हाला हे सॉफ्टवेअर लागतंय का? गिरगावात खाडिलकर रोडला लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. तिथल्या एका दुकानदाराने मला विचारलं, ‘मॅडम, आपण पण मेल सुरू करू या?’ मी म्हटलं, शेठ, ज्याचं लग्न झालं त्याला दर महिन्याला पत्रिकांच्या नव्या डिझाइनची मेल पाठवून काय साधायचंय? त्यांना हवं होतं ते एवढंच की पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला वेळेवर जावं आणि त्याची मंजुरी लेखी यावी. त्याला साधी मेल पुरते. परळला एक बाई डबे देतात, केईएम आणि टाटा हॉस्पिटलला आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना. त्यांचं गिऱ्हाईक पंधरा दिवसांचं, महिन्याचं. आज भाजी काय आहे हे सांगायला व्हॉट्सॲप बरं. शिवाय कोणाच्या घरात कोण आजारी आहे अशी माहिती जिच्यातून निघते ती यादी जितकी कमी दिवस जवळ ठेवाल तितकं चांगलं. त्या बाई गिऱ्हाईक गावी परतलं की नंबर पुसून टाकतात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही.

उलट दादरमधल्या पुस्तकाच्या दुकानाला मेल शोभते. वाचणारा माणूस मेल उघडतो, नवी पुस्तकं काय आली ते निवांत बघतो. आणि लालबागच्या मसाल्याच्या दुकानालाही शोभते, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मलाही आधी वाटलं होतं की तिथे मेलचं काय काम. पण विचार करा. वर्षाचा मसाला बाई मार्च ते मे या दिवसांत करून ठेवते, पाऊस सुरू व्हायच्या आत. बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी घालायची की नाही, हे घराघराचं ठरलेलं असतं. म्हणजे गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, पण वीस-वीस वर्षं येतं. आता ते राहतं कुठे? गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांतला एक जण कुवेतला, एक दुबईला. मसाला मात्र लालबागचाच हवा असतो. अशा माणसाला वर्षातून पाच-सहा वेळा, मोजक्या शब्दांत लिहायचं असेल तर मेल फार कामाची.

व्हॉट्सॲपवर का नाही? मोफतच्या बिझनेस ॲपमध्ये एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. त्यापुढे जायचं तर कंपनीची पैसे देऊन वापरायची सेवा आहे. तिथे जाहिरातीच्या प्रत्येक निरोपाला पैसे मोजले जातात. एसएमएसचं म्हणाल तर ट्रायच्या २०१८च्या नियमांप्रमाणे नोंदणी करून मजकुराचा नमुनाही मंजूर करून घ्यावा लागतो. इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०. मराठीत नमस्कार-चमत्कार होईपर्यंत एसएमएस संपतो.

आता यादीकडे येऊ. सॉफ्टवेअरच्या सगळ्या जाहिराती टेम्प्लेटबद्दल, रंगीत बटणांबद्दल, एआय मजकूर कसा लिहून देतं याबद्दल बोलतात. मला विचाराल तर त्यातलं काही नसलं तरी चालेल. आपल्याकडे एक जुना, नेमका शब्द आहे: वर्गणीदार. गिरगावातून किती मासिकं, किती दिवाळी अंक निघाले. त्यांच्या कचेऱ्यांत वर्गणीदारांच्या वह्या असायच्या. वर्गणीदार म्हणजे ज्याने स्वतः होऊन नाव-पत्ता दिला, पैसे भरले आणि ‘मला पाठवा’ असं सांगितलं तो. टपालाने नको असेल तर तो वर्गणी बंद करायचा, विषय संपला. ईमेलच्या धंद्यातला ‘सबस्क्रायबर’ हा मुळात तोच. पण बाजारात तुम्हाला दुसरंच विकलं जातं. ‘मुंबईतले दोन लाख ईमेल, फक्त अमुक रुपयांत’, एक्सेलची फाइल तयार. ती घेऊ नका. नीतीचं नंतर बघू, आधी हिशेब बघा. २०२४च्या फेब्रुवारीपासून गुगलने जीमेलवर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. तुमच्या मेलला ‘स्पॅम’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोचता कामा नये, म्हणजे हजारात तीन. विकत घेतलेल्या यादीत हजारात तीन माणसं चिडायला किती वेळ लागेल? एकदा पत खाली गेली की तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं बिलसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडतं.

आणि आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. त्याचं सार दुकानदाराच्या भाषेत असं: संमती मोकळेपणाने दिलेली, कशासाठी ते सांगून घेतलेली आणि स्पष्ट हवी, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणंही सोपं हवं. यातली एक तरतूद मला फार आवडते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय माणसाला द्यायची आहे. त्या २२ भाषांत मराठी आहे, उर्दू आहे. म्हणजे ‘नाव काढून टाका’ हे मराठीत लिहिणं ही आता केवळ आपली हौस राहिलेली नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट बोलते, कारण समोर तुम्ही बसला आहात. यादी ही निरुपद्रवी वस्तू नसते, हे या शहरात आपल्या आधीच्या पिढीने पाहिलंय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९८ साली त्याचा अहवाल विधिमंडळापुढे आला. मुसलमानांवर हल्ले करणाऱ्यांच्या हातात दुकाना-आस्थापनांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या, अशी नोंद त्या अहवालात आहे. मतदार यादी तर निवडणुकीसाठी असते. नाव आणि पत्ता एका ओळीत आला की त्या कागदाचा पुढे कोण काय उपयोग करील हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. तुमच्यातल्या पुष्कळांचा जन्म त्यानंतरचा आहे, आणि मी घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. सांगायचंय ते एवढंच की आपल्या गिऱ्हाइकांमध्ये जोशीबाई आहेत, डिसूझा आहेत, खान आहेत, आणि त्या सगळ्यांची नावं आपल्यापाशी ठेव म्हणून आलेली आहेत.

म्हणून यादीत रकाने किती ठेवायचे हे सॉफ्टवेअरच्या आधी ठरवा. मसाल्याच्या दुकानाला नाव, ईमेल आणि कोणता मसाला नेतात एवढं पुरतं. घरचा पत्ता फक्त घरपोच मागवणाऱ्याचा, तोही बिलात राहू दे, मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये कशाला चढवायचा? जन्मतारीख कशाला? आणि धर्माचा रकाना तर कधीच नको. तुम्ही म्हणाल, असा रकाना कोण ठेवतो? ठेवतात. ‘ईदची ऑफर मुसलमान गिऱ्हाइकांना, दिवाळीची हिंदूंना’, असं सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत, आणि ही वाटणी ते आडनावावरून करतात. आता आमच्या कोकणात आणि देशावर मुसलमानांत देशमुख आहेत, पाटील आहेत, इनामदार आहेत, देसाई आहेत. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी आडनाव बघून श्रावणी सोमवारच्या उपवासाच्या पदार्थांची मेल दरवर्षी येते. तिला राग नाही, ती साबुदाणा वडे मागवतेही. पण गिऱ्हाइकाला विचारायचं सोडून अंदाज बांधला की असं होतं. मसाल्याच्या दुकानात आम्ही सरळ विचारतो: मालवणी, आगरी, कोळी की घाटी? पुस्तकाच्या दुकानात: कविता, इतिहास, की मुलांची पुस्तकं? वर्गवारी करायची ती अशी, गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलेली.

यानंतर सॉफ्टवेअर. तेही लगेच नाही, आधी डोमेन घ्या, म्हणजे तुमच्या दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास जातो. जीमेलच्या फुकट पत्त्यावरून, पण दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून मेल पाठवली तर ती वाटेत अडण्याची शक्यता फार. डोमेनला तीन नोंदी जोडायच्या असतात: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. नावं भारी आहेत, काम साधं आहे. पहिली नोंद सांगते की या दुकानाच्या नावाने मेल टाकायला कोणाकोणाला परवानगी आहे. दुसरी म्हणजे पाकिटावरची लाख, वाटेत कोणी मजकूर बदलला नाही याची खूण. तिसरी सांगते की खूण जुळली नाही तर त्या पाकिटाचं काय करायचं. चांगलं सॉफ्टवेअर या नोंदी तयार करून देतं, आपण डोमेनच्या खात्यात चिकटवायच्या. एक दुपार पुरते. जी कंपनी ‘याची काही गरज नाही’ म्हणते तिच्याकडून उठून या.

डोमेन आणि खातं कोणाच्या नावावर? चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे यावर घराघरांत किती भांडणं झाली आहेत! इथेही तसंच. दुकानाचं खातं वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर उघडलेलं असतं. तो नोकरीला बंगळुरूला जातो आणि दोन वर्षांनी पासवर्ड विचारायला फोन केला तर नंबर बदललेला. खातं मालकाच्या नावावर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, आणि माझ्यासारखीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश. मी स्वतः गिऱ्हाइकाकडे असंच मागते.

आता नावं घेते. ईमेलच्या या धंद्यातली एक मोठी भारतीय कंपनी, नेटकोअर, लोअर परळलाच आहे. तिचे संस्थापक राजेश जैन. त्यांनी १९९५ मध्ये, म्हणजे विदेश संचार निगमने सामान्यांना इंटरनेट दिलं त्याच वर्षी, ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केलं आणि १९९९ मध्ये ते ४९९ कोटींना विकलं. पण नेटकोअरची सेवा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. लाखांनी मेल पाठवणाऱ्यांची ती पेढी आहे, आपल्या दुकानाची नव्हे.

आपल्या मापाची तीन-चार आहेत. मेलचिंप सगळ्यांना माहीत, अमेरिकन, २००१ पासूनची. २०२१ मध्ये इन्ट्यूट कंपनीने ती सुमारे बाराशे कोटी डॉलरना विकत घेतली. तिची मोफत योजना एके काळी २,००० पत्त्यांची होती, ती कमी कमी होत गेली. शिवाय ती पत्त्यांवर पैसे लावते, आणि ‘मला नको’ म्हणून गेलेल्या माणसाचा पत्ताही तुम्ही बाजूला काढेपर्यंत मोजणीत धरते. म्हणजे सोडून गेलेल्या भाडेकरूचंही पाणीपट्टी बिल आपल्याला. ब्रेव्हो, पूर्वीचं नाव सेंडिनब्लू, ही मूळची फ्रेंच कंपनी. ती पत्त्यांपेक्षा पाठवलेल्या मेलवर हिशेब करते आणि मोफत योजनेत दिवसाला ३०० मेल देते. झोहो कॅम्पेन्स ही चेन्नईच्या झोहोची. मोफत योजना लहान दुकानाला पुरेशी, आणि वाढलं तर बिल रुपयात. नेमके आकडे आज रात्री घरी जाऊन त्यांच्या पानावर बघा, ते बदलत राहतात.

रुपयातलं बिल याला मी महत्त्व देते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेण्याची पद्धत बदलली. त्या वेळी परदेशी सॉफ्टवेअरची कितीतरी मासिक बिलं भारतीय कार्डांवर अडकली. पैसे गेले नाहीत म्हणून ऐन हंगामात खातं बंद झालं तर मसालेवाल्याने काय करावं? त्यात परकी चलनाचा अधिभार निराळा.

ज्यांना संगणकात हात घालायची आवड आहे त्यांच्यासाठी ‘लिस्टमंक’ आहे. झिरोधाचे कैलाश नाध यांनी लिहिलेलं, मुक्त आणि मोफत. ते आपल्या सर्व्हरवर चालवायचं आणि मेल ॲमेझॉनच्या एसईएस सेवेतून पाठवायची, हजार मेलला दहा सेंट. यादी पूर्णपणे आपल्या ताब्यात. पण सर्व्हरची देखभालही आपलीच, आणि तो नीट बंदोबस्तात ठेवता येत नसेल तर यादी ताब्यात असून उपयोग नाही. घरात कोणी करणारं नसेल तर या वाटेला जाऊ नका.

लालबागच्या दुकानाचा हिशेब सांगते. काउंटरवर मराठीत छापलेली चिठ्ठी ठेवली: ‘नव्या मिरचीची बातमी आणि कांडपाच्या तारखा ईमेलने हव्या असतील तर लिहा. वर्षातून सहापेक्षा जास्त मेल नाहीत. नको झाल्यास एका क्लिकवर बंद.’ एका हंगामात सहाशे पत्ते आले. सहाशे गुणिले सहा, म्हणजे वर्षाला ३,६०० मेल. एसईएसच्या दराने छत्तीस सेंट. ब्रेव्होवर फुकट, फक्त दोन दिवसांत विभागून. झोहोवर फुकट. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पैशात फरक जवळजवळ नाही. फरक पडला तो मराठीने.

मराठीची परीक्षा अशी घ्यायची. पहिलं, तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का? आपल्याकडे जाहिरातीचा मजकूर छापखान्यातून येतो, आणि तो जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असला तर मेलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दुसरं, नाव. ‘प्रिय’ मराठीत आणि पुढे गिऱ्हाइकाचं नाव रोमन लिपीत, हे फार विचित्र दिसतं. आम्ही नाव गाळून सरळ ‘नमस्कार’ लिहितो. तिसरं, लांबी. साधारण १०२ केबीच्या पुढची मेल जीमेल कापतं आणि ‘पूर्ण मेल पाहा’ असं दाखवतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह रोमन अक्षराच्या तिप्पट जागा घेतं, त्यात तयार टेम्प्लेटचा फापटपसारा. मेल कापली गेली की तळाची ‘नाव काढा’ ही ओळच दिसेनाशी होते, आणि मग चिडलेला माणूस हाताशी असलेलं ‘स्पॅम’चं बटण दाबतो. चौथं, ते ‘नाव काढा’चं पान मराठीत करता येतं का, हे दाबून बघा. विषयाची ओळ मोबाइलवर पाच-सहा शब्दांत कापली जाते, म्हणून ‘सुवर्णसंधी’ वगैरे नको. आमची ओळ होती: ‘बेडगी आली. यंदाचा भाव आत.’

शेवटची तपासणी मी खातं उघडल्याच्या पहिल्या दिवशीच करते. पाच खोटे पत्ते भरते, एकाचं नाव काढून टाकते आणि सगळी यादी बाहेर काढून बघते. सीएसव्ही फाइल मिळते का? मराठी नावं धड आली का? ज्याने नाव काढलं त्याची नोंद वेगळी मिळते का? ही नोंद महत्त्वाची, कारण उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेलात आणि ‘नको’ म्हटलेल्यांना पुन्हा मेल गेली तर ते तुम्हाला ओळखतील, सॉफ्टवेअरला नाही. लालबागच्या काकांकडे आता दर महिन्याच्या एक तारखेला ही फाइल पासवर्ड घालून पेनड्राइव्हवर उतरवली जाते आणि गल्ल्याच्या कप्प्यात जाते. खातं झोहोवर आहे. पहिल्या मेलनंतर अकरा जणांनी नाव काढलं. काका म्हणाले, फोन करून विचारू का, काय चुकलं? मी म्हटलं, नको काका, त्यांनी नको म्हटलंय, तेवढं पुरे. काकांना ते अजून पटलेलं नाही.

मी लॅपटॉप आणलाय. ज्यांचं डोमेन आहे त्यांनी पुढे या, तीन नोंदी लागल्या आहेत की नाहीत ते लगेच बघता येतं. ज्यांचं नाही त्यांनी आधी चहा घ्या, मग काउंटरवर ठेवायची चिठ्ठी आपण इथेच बसून लिहू.